आवळा देऊन कोहळा : जुगारातल्या ‘फुकट’चा इतिहास



मागच्या वेळी याच सभागृहात मी बोरघाटाच्या रेल्वेवर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर तीन मुलं थांबली. एक खोपोलीचा, दोघं इथलेच कर्जतचे, नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झालेली. मला वाटलं, घाटाबद्दल काही विचारायचं असेल. त्यातल्या एकाने मोबाइल पुढे केला. गोव्याला मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं उभी असतात, त्यातल्या एकाचं तिकीट होतं. तो म्हणाला, “सर, यात जेवण आहे, पिणं आहे, आणि वर हजार रुपयांची कूपनं फुकट आहेत. हे फुकटचं पूर्ण वसूल कसं करायचं?”

मी इतिहासाचा माणूस. जुगाराचा सल्ला द्यायला मी कोण? पण प्रश्न डोक्यातून जाईना. जो धंदा माणसाकडून पैसे घेण्यासाठी उभा आहे, तो सुरुवातीलाच पैसे वाटतो कशाला? आणि हे कधीपासून सुरू झालं? त्या मुलांना म्हटलं, पुढच्या व्याख्यानाला या, उत्तर देतो. ती मुलं आज आली आहेत, मागच्या रांगेत बसली आहेत. नावं सांगत नाही, घाबरू नका. (हशा)

सुरुवात लांबून करतो, पण फिरून कर्जत-खालापुरातच येणार आहे.

महाभारतातलं द्यूत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शकुनीचे फासे आठवतात, द्रौपदी आठवते. पण त्याच्या आधीचं आठवून बघा. हस्तिनापुरात एक नवी, देखणी सभा बांधली जाते आणि विदुराला इंद्रप्रस्थाला पाठवलं जातं. निरोप काय? सभा बघायला या, भावाभावांत खेळ होईल, करमणूक होईल. म्हणजे आमंत्रण पाहुणचाराचं आहे, लुटीचं नाही. पुढे युधिष्ठिर सगळं हरतो आणि धृतराष्ट्र द्रौपदीला वर देऊन हरलेलं सगळं परत करतो. राज्य परत, स्वातंत्र्य परत. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात. आणि मग वाटेवर त्यांना दूत गाठतो : परत चला, आणखी एक डाव आहे. त्याला अनुद्यूत म्हणतात. वनवास झाला तो या दुसऱ्या डावाने, पहिल्याने नव्हे. हरलेलं परत देऊन पुन्हा बोलावणं, ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे येणार आहे.

आता कौटिल्य. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा एक अधिकारी आहे. जुगार एकाच ठरावीक जागी चालावा, फासे खरे असावेत, लबाडी केली तर दंड, हे सगळं त्याने बघायचं. आणि सरकारचं उत्पन्न? जिंकणाऱ्याकडून शेकडा ५. शिवाय फाशांचं भाडं, जागेचं भाडं आणि पाण्याचेही पैसे. हो, पाण्याचेसुद्धा! कौटिल्याच्या जुगारघरात फुकट काही नव्हतं. तुमच्याकडून किती जातंय, ते दारातच कळत होतं. आजच्या जहाजावर जेवणाचे वेगळे पैसे नाहीत, पिण्याचे नाहीत, गाण्याचे नाहीत. मग दोन्हींतलं स्वस्त कुठलं? आज आपल्याला एवढंच तपासायचं आहे.

इंग्रजी अमदानीत, १८८७ साली, मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आला. कलमं वाढली, दुरुस्त्या झाल्या, पण तोच कायदा आजही आपल्या राज्यात लागू आहे. जुगाराचा अड्डा चालवणं गुन्हा, तिथे सापडणं गुन्हा. निव्वळ कौशल्याच्या खेळाला मात्र सूट. ही ‘कौशल्या’ची फट पुढे फार कामाला आली.

पहिल्यांदा ती कामाला आली शब्दकोड्यांत. स्वातंत्र्याच्या आसपास बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं मोठं वेड होतं. वर्तमानपत्रात कोडं छापून यायचं, सोबत प्रवेशिका, ती भरायची आणि फी जोडून पाठवायची. दिसायला बुद्धीचा खेळ. पण एका चौकटीत दोन-तीन शब्द सारखेच बसायचे आणि बरोबर कोणता, ते संपादकाच्या पाकिटात आधीच बंद असायचं. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी बंगळूरला छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’मधून मुंबई राज्यात यायची आणि इथे फी गोळा करायला केंद्रं होती. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्याखाली कर लावला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९५७ च्या निकालात सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातलं जुगाऱ्याचं सूक्त, महाभारत आणि कौटिल्य या सगळ्यांचा दाखला दिला आणि सांगितलं की जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. त्याआधी १९५५ साली संसदेने कायदा करून अशा स्पर्धांच्या बक्षिसाला महिन्याला १,००० रुपयांची मर्यादा घातली होती. कोड्यांचं वेड ओसरलं.

मग आला मटका. इथे आपला तालुका थेट येतो.

१९१५ साली टाटांचं वीजघर खोपोलीला सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडायचं, वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. त्या गिरण्यांत कापूस लागायचा, आणि कापसाच्या भावावर सट्टा चालायचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडायचे आणि बंद व्हायचे भाव तारेने मुंबईला येत. लोक त्यांच्या आकड्यांवर पैसे लावत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं बंद झालं, आणि १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीला स्वतःच आकडे काढायला सुरुवात केली. १९६४ साली रतन खत्री यांचा मटका आला. मातीच्या मडक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्ते. तीन पानं काढायची, बेरजेचा शेवटचा अंक घ्यायचा. एकदा ओपन, एकदा क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

गिरणगावातल्या खोल्यांत कोकणातली आणि घाटावरची माणसं राहायची. पगाराबरोबर आकड्याचा नादही सुट्टीत गावी यायचा. माझ्या लहानपणी स्टेशनजवळ एक टपरी होती, तिथे चहा कमी आणि चिठ्ठ्या जास्त असायच्या.

मटक्यात फुकट काय मिळायचं? पैसे कधीच नाहीत. मिळायची फक्त टिप. स्वप्नात साप दिसला तर अमुक आकडा, बाबाने दोन बोटं दाखवली तर तमुक. बाकी हिशोब उघडा होता. एक अंक लावला तर एकास नऊ. अंक किती? शून्य ते नऊ, म्हणजे दहा. जोड्या शंभर, आणि जोडीला मिळायचे एकास नव्वद. म्हणजे शंभर माणसांनी शंभर जोड्यांवर एकेक रुपया लावला, तर नव्वद परत यायचे, दहा मालकाकडे राहायचे. शेकडा दहा! कौटिल्याच्या दुप्पट, आणि पाणीसुद्धा पाजत नव्हते. (हशा) मटका बेकायदा होता, घरं बुडवणारा होता. पण आवळा देऊन कोहळा काढण्याची गरज त्याला पडली नाही. तो सरळ कोहळाच मागायचा.

आता कॅसिनोकडे येऊ. अनेकांना माहीत नसतं, पण महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. नियंत्रण आणि कर, दोन्ही त्यात होतं. विधिमंडळात मंजूर झाला आणि कपाटात पडून राहिला, कधी अमलातच आला नाही. जवळजवळ ४७ वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. गोव्याचाही जुगाराचा कायदा १९७६ चाच. पण तिथे १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी दिली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांचे खेळ आले. पाहुणे कुठले? मुंबई, पुणे, बेळगाव, गुजरात, दिल्ली, हैदराबाद. आणि एक गोष्ट बघा. १ फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. स्वतःच्या मुलांना जे नको, ते पाहुण्यांच्या मुलांसाठी ठेवलं. गोव्याला दोष देत नाही. पर्यटनावर जगणारं राज्य आहे. पण ते पाहुणे म्हणजे आपण, एवढं ध्यानात असू द्या.

फुकटचं शास्त्र मात्र गोव्याचं नाही, अमेरिकेचं. लास व्हेगासमध्ये पूर्वीपासून मोठ्या खेळाडूला खोली, जेवण, प्रवास फुकट देत. १९८० च्या दशकात तिथे आणि अटलांटिक सिटीत यंत्रांवर खेळणाऱ्या साध्या गिऱ्हाइकांसाठीही क्लब निघाले, कार्डं निघाली. कार्ड यंत्रात घातलं की नोंद सुरू. त्यांचा हिशोब असा : माणूस सरासरी किती लावतो, तासाला किती डाव होतात, किती तास बसतो आणि खेळात मालकाचा हिस्सा किती टक्के. हे चार आकडे गुणले की त्या माणसाकडून सरासरी किती सुटणार ते कळतं. त्यातला थोडा भाग त्यालाच परत द्यायचा. जेवण म्हणून, खोली म्हणून, फुकट डाव म्हणून. नीट ऐका, हे तुम्ही जिंकलात की हरलात यावर ठरत नाही, तुम्ही किती बसलात यावर ठरतं. फुकट जेवण ही तुमच्या बसण्याची मजुरी आहे, आणि तीही तुमच्याच खिशातून.

आता मागच्या रांगेतल्या मुलांचा प्रश्न. फळा आहे, खडू आहे, हिशोब करू.

या कूपनाला बऱ्याच ठिकाणी ‘ओटीपी’ म्हणतात. आपल्याला ओटीपी म्हटलं की बँकेचा मेसेज आठवतो. इथे अर्थ ‘वन टाइम प्ले’, एकदाच खेळायचं. ते रोखीत बदलून मिळत नाही. साधारण रीत अशी की डाव जिंकलात तर जिंकलेली रक्कम मिळते, कूपन मात्र जिंकलात तरी त्यांच्याकडे जातं. म्हणजे हजाराचं कूपन हजाराचं नसतं. मग कितीचं? रूलेटचं चाक घ्या, एक शून्य असलेलं. घरं ३७. लाल रंगावर लावलंत तर जिंकायची घरं १८. सरासरी किंमत निघते हजाराच्या १८/३७, म्हणजे सुमारे ४८६ रुपये. निम्म्याहून कमी! तेच कूपन एकाच आकड्यावर लावलं तर? जिंकलात तर ३५ पट. सरासरी किंमत ३५/३७, म्हणजे ९४६ रुपये. कागदावर जवळजवळ दुप्पट. म्हणून कूपन कुठे चालेल याच्या अटी लिहिलेल्या असतात, त्या आधी वाचा. आणि एका आकड्यावर लावलं तर ३७ पैकी ३६ वेळा तुम्ही हात हलवत उठणार, हेही विसरू नका. चाकाला दोन शून्यं असतील तर सगळेच आकडे आणखी खाली येतात.

“सर, मग वसूल झालं की!” असं म्हणाल. थांबा. कूपन संपायला एक मिनिट लागतं. जहाजावर तुम्ही असता चार-पाच तास. कूपन संपल्यावर तुम्ही स्वतःच्या पैशाने चिप्स घेता. त्यावर जीएसटी आहे. ऑक्टोबर २०२३ पासून तो चिप्सच्या पूर्ण किमतीवर २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्के झाला. तो बाजूला ठेवू. समजा डावाला ५०० रुपये लावता आणि तासाला ४० डाव होतात. तासाला २०,००० रुपये टेबलावरून फिरले. एका शून्याच्या चाकावर मालकाचा हिस्सा २.७ टक्के, म्हणजे सरासरी ५४० रुपये तासाला गेले. तुमच्या कूपनाची ४८६ रुपयांची किंमत ५४ मिनिटांत संपली. दोन शून्यांच्या चाकावर अर्धा तासही पुरत नाही. उरलेले तास तुम्ही जेवणाचे पैसे भरत असता. कौटिल्य एकदाच पाच टक्के घ्यायचा, तेही जिंकणाऱ्याकडून. इथे अडीच-तीन टक्के, पण प्रत्येक फेरीला, आणि सगळ्यांकडून. टक्का लहान, फेऱ्या अगणित.

निदान जहाजाला एक काठ असतो. रात्र संपते, होडी परत येते, तुम्ही उतरता. पुढे मोबाइल आला आणि काठही गेला.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकात म्हटलं होतं, क्लबात पत्ते खेळणाऱ्यांच्या खटल्यात. त्याच फटीतून ॲप आले. पहिल्याच दिवशी ‘वेलकम बोनस’. समजा बोनस १,००० रुपये आणि अट वीस पट खेळायची. म्हणजे तो सोडवून घ्यायला २०,००० रुपये फिरवायचे. ॲपने डावामागे १० टक्के कापले तर २,००० रुपये कापले गेले. हजाराचा आवळा, दोन हजारांचा कोहळा. यात गंमत म्हणजे आयकर खात्याने हे ओळखलं होतं. २०२३ साली ऑनलाइन खेळांतल्या कमाईवर मुळातून कर कापायचा नियम आला, तेव्हा खात्याच्या मे महिन्याच्या परिपत्रकात म्हटलं होतं की जो बोनस फक्त खेळायला वापरता येतो, काढून घेता येत नाही, तो कमाईच्या हिशोबात धरायचा नाही. एक रुपयाही न सोडणारं आयकर खातं ज्याला पैसा म्हणायला तयार नाही, त्याला आपण फुकटचा पैसा म्हणतो! (हशा)

आता जरा गंभीर बोलतो.

एक्स्प्रेसवे झाला, फार्महाऊस आली, प्लॉट पडले, तशी आपल्या दोन्ही तालुक्यांत जमिनी विकून आलेली रक्कम घराघरांत आली. कुणी घर बांधलं, कुणी गाडी घेतली, कुणी मुलांना शिकवलं. माझा एक जुना विद्यार्थी आहे, खालापूर तालुक्यातला. वडिलांनी भाताची जमीन दिली, पैसे मुलाच्या नावे ठेवले. आज तो दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. दीड वर्षापूर्वी घरी आला आणि बँकेच्या खात्याचे उतारे माझ्यापुढे ठेवले. म्हणाला, “सर, तुम्ही जुनी दफ्तरं वाचता ना, हे वाचा. माझं नक्की कुठे चुकलं ते सांगा.”

रात्रभर वाचलं. मोबाइलमधले मेसेज त्याने जपून ठेवले होते, ते तारखांना जुळवून बघितले. सुरुवात बोनसपासून. मग लहान रकमा, शंभर, दोनशे. एकदा साडेसात हजार जिंकलेले. मग पाच हजार, वीस हजार, रात्री दोन वाजता, पहाटे चार वाजता. आणि मधे-मधे खंड. आठ दिवस, पंधरा दिवस काहीच नाही. म्हणजे पोरगा थांबायचा. दर वेळी थांबायचा! आणि प्रत्येक खंडाच्या शेवटी एक मेसेज : तुमच्या खात्यात ५०० रुपये जमा केले आहेत, आज रात्रीपर्यंत वापरा. त्याच रात्री पुन्हा खेळ सुरू.

मला वाटेत पांडवांना गाठणारा तो दूत आठवला. घराच्या दिशेने निघालेल्या माणसाला तो मागे वळवतो. त्याला मी सांगितलं, “बाळा, तू हरलास तिथे चुकला नाहीस. हरणं तर त्या हिशोबातच होतं. तू घरी निघाला होतास आणि दर वेळी तुला पाचशे रुपयांत परत बोलावलं, तिथे चुकलं.” तो काही बोलला नाही. त्याच्या आईने चहा केला, तो घेतला आणि निघाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली, कौशल्याचे असोत की नशिबाचे. ती फट बुजली. पण दूत थांबलेला नाही. आजही अनोळखी नंबरवरून ‘फ्री बोनस’च्या लिंका येतात. त्या आता सरळ कायद्याबाहेरच्या आहेत. पैसे बुडाले तर दाद कुणाकडे मागणार?

तर मागच्या रांगेतल्या मित्रांनो, तुमचं उत्तर. तिकिटाच्या किमतीतून कूपन वजा करू नका, कूपन शून्य धरा. उरलेल्या जेवणासाठी आणि नदीवरच्या फेरीसाठी तेवढे पैसे द्यायची तयारी असेल तर जा, नसेल तर पणजीत मासे खा, स्वस्त पडेल. गेलात तर कूपन एकदा खेळा, जिंकलात तर खिशात घाला, हरलात तर हसा. पण कार्ड आणि मोबाइल खोलीवर ठेवून जा, चिप्स विकत घ्यायचीच नाहीत. कूपन वसूल करायचा माझ्या हिशोबात बसणारा मार्ग हाच आहे : ते संपल्यावर उठणं. आणि परत आल्यावर जो मेसेज येईल, “आम्हाला तुमची आठवण येते”, तो पुसून टाका. तुमची आठवण काढायला घरची माणसं आहेत.

वेळ झाली. शेवटची कर्जत लोकल कुणाला पकडायची असेल त्यांनी निघावं, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत.